निवेदनातील शिक्षक : हंटर आयोगापुढील जोतीराव फुले

दिनांक १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव गोविंदराव फुले यांनी पुण्याहून हंटर शिक्षण आयोगाला जे निवेदन सादर केले, त्याच्या अखेरीस स्वतःच्या नावाखाली त्यांनी तीन उपाधी लिहिल्या आहेत : व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. चौथी नाही. मुलींच्या शाळा काढून त्यांत स्वतः शिकविणारा, पत्नीला शिकवून तिला वर्गावर उभी करणारा, मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत काही वर्षे अध्यापन केलेला हा गृहस्थ शिक्षणाचीच चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगापुढे शिक्षक म्हणून सही करीत नाही. याला विनय म्हणवत नाही. विनय हा जोतीरावांच्या लेखनाचा गुण नव्हे. प्रत्यक्ष वर्गातून ते बाहेर पडले त्याला तेव्हा बरीच वर्षे लोटली होती, हे साधे कारण पुरेसे आहे. परंतु आपल्या मतांना आधार कोणता, तर पुणे व भोवतालच्या खेड्यांतील शाळांचा अनुभव, असे ते निवेदनाच्या आरंभीच सांगतात. म्हणजे सही व्यापाऱ्याची आहे आणि साक्ष शिक्षकाची. या साक्षीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या निवेदनाचे वाचन आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी होत आले. समाजसुधारणेच्या इतिहासकारांनी त्यात बहुजनांच्या हक्काची मागणी पाहिली, आणि शिक्षणाच्या इतिहासकारांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची एक पहिली स्पष्ट मागणी म्हणून त्याची नोंद केली. दोन्ही वाचने रास्त आहेत. परंतु दोहोंतही एक गोष्ट हातून निसटते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी एखादा कायदेपंडितही करू शकला असता. गावच्या शाळामास्तराला महिना किमान किती रुपये मिळावेत, तपासनीसाने वर्षातून किती वेळा यावे, आणि येण्यापूर्वी वर्दी द्यावी की देऊ नये, हे प्रश्न ज्याला सुचतात तो माणूस वेगळा. त्याने शाळा आतून पाहिलेली असते.

या वाचनाची गरज वाटण्यास आणखी एक निमित्त आहे. अध्यापक विद्यालयांतून अलीकडे प्रत्येक विद्यार्थ्याकडून ‘माझ्या शिक्षणविषयक श्रद्धा’ अशा तऱ्हेचा एक निबंध लिहून घेण्याची प्रथा रूढ झाली आहे. असे निबंध वाचण्याचा योग प्रस्तुत लेखकाला वारंवार येतो. त्यांत बालक हे सर्जनशील असते, शिक्षक हा मार्गदर्शक असतो, शिक्षण आनंददायी असावे, इत्यादी विधाने असतात. त्यांतील एकही विधान चुकीचे नाही. आणि अडचण नेमकी तीच आहे. त्यांच्या विरुद्ध बाजू कोणी घेणार नाही, म्हणून ती मांडण्याला काही किंमत पडत नाही. ज्या मतामुळे लिहिणाऱ्याला काही सोडावे लागत नाही, कोणाचा रोष पत्करावा लागत नाही, त्याला श्रद्धा कशाच्या आधारे म्हणावे? गद्यात लेखकाची श्रद्धा ओळखण्याची खूण एकच दिसते : सर्वसामान्य भाषा सोडून तो कोणत्या जागी तपशिलात उतरतो, ती जागा. जोतीरावांचे निवेदन या दृष्टीने वाचले असता त्यात शिक्षणाच्या ध्येयाविषयी फारच थोडी वाक्ये सापडतात. तपशील मात्र ठायी ठायी आहेत.

प्रारंभीचा आत्मवृत्तपर परिच्छेद पाहावा. पुण्यात मिशनऱ्यांची मुलींची शाळा होती, पण एतद्देशीयांनी काढलेली नव्हती. म्हणून आपण ती काढली आणि आपण व आपल्या पत्नीने तेथे अनेक वर्षे मिळून काम केले. पुढे ती एका समितीच्या हवाली केली. महार, मांग आदी जातींच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. सरकारी वरिष्ठांनी शाळा पाहून संतोष व्यक्त केला व शालजोडी दिली. साल सांगताना जोतीराव अंदाजाची भाषा वापरतात, आणि तो अंदाज पहिल्या मुलींच्या शाळेच्या आज सर्वमान्य असलेल्या १८४८ या सालाशी जुळत नाही. संशोधकांना हा विसंवाद सोडवावा लागतो. वाचकाला त्यातून एवढेच कळते की आपण पहिले, हे सिद्ध करण्याची या माणसाला घाई नाही. शालजोडीचा उल्लेख एका वाक्यात संपतो. त्यानंतर येते ते या परिच्छेदातील सर्वांत महत्त्वाचे विधान. नऊ-दहा वर्षे या शाळांत काम केल्यावर आपण त्यांतून अलग झालो. कारणे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

ती कारणे कोणती, याचा ऊहापोह चरित्रकारांनी आपापल्या परीने केला आहे, व तो येथे अप्रस्तुत आहे. टीकेच्या दृष्टीने मोल आहे ते या मौनाला. ‘गुलामगिरी’ (१८७३) लिहिणारा, आणि पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारा हा लेखक प्रतिपक्षाची गय करणारा नव्हता. आयोगापुढे आपली कैफियत मांडण्याची संधी हाती असता ती तो सोडून देतो आणि लगेच शाळांच्या सद्यःस्थितीकडे वळतो : मुलींच्या शाळा शिक्षणखात्याकडे गेल्या असून चालू आहेत, महार-मांगांची एक शाळा आजही आहे, परंतु तिची अवस्था समाधानकारक नाही. स्वतः लावलेल्या झाडाची खुरटलेली फांदी सरकारी कागदावर नोंदविताना बहुतेक माणसे शब्द जपून वापरतात, किंवा दोष कोणाचा तेही सोबत सांगतात. येथे दोन्ही नाही. शाळा आहे, बरी चाललेली नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाची प्रगती विचारली असता जुना मास्तर जसे उत्तर देईल, तसे हे उत्तर आहे.

याच वृत्तीने पुढचा आकडा येतो. पुण्यात महार, मांग आदी लोकांची वस्ती पाच हजारांहून अधिक; त्यांच्यासाठी शाळा एक; आणि तिची हजेरी तिसाच्या आत. इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलांसाठी, शिक्षणाची कोणतीच सोय नाही, असाही एक आकडा निवेदनात आहे. पण तो सांगताना आपण ऐकीव माहिती देत आहोत, असे जोतीराव सूचित करतात. तिसांच्या आतील हजेरीबाबत अशी पुस्ती नाही. दहा लाखांच्या आकड्याने सभा जिंकता येते. तिसांचा आकडा ज्याने हजेरीपट पाहिला आहे त्याचा असतो.

या शाळांच्या संदर्भात जोतीराव एक मागणी करतात, जी त्यांच्या आजच्या चाहत्यांना काहीशी अडचणीची वाटते. जातिद्वेषामुळे या मुलांना इतर मुलांच्या शेजारी बसू दिले जात नाही. म्हणून जेथे त्यांची संख्या पुरेशी असेल तेथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढाव्यात, असे ते मागतात. जातिभेदाच्या मुळावर घाव घालणाऱ्या लेखकाने वेगळ्या शाळेची मागणी करावी, हा तडजोडवाद नव्हे काय? असा आक्षेप चर्चासत्रांतून ऐकू येतो, व तो झटकून टाकण्यासारखा नाही. वेगळी शाळा ही भेद मान्य करते, आणि एकदा काढलेली वेगळी शाळा सहजासहजी एकत्र होत नाही. मात्र सुधारक आणि शिक्षक यांच्या काळाच्या हिशेबात फरक असतो. सुधारकाला दोन पिढ्या थांबता येते. शिक्षकासमोरचा आठ वर्षांचा मुलगा चार वर्षांनी बारा वर्षांचा होतो आणि शाळेच्या वयातून निघून जातो. समाजाचे मन पालटेपर्यंत त्याला शाळेच्या पायरीखाली उभे करणे जोतीरावांना मान्य नाही. तत्त्वाला मुरड घालून ते मुलाला वर्गात बसवितात. येथे त्यांना काहीतरी सोडावे लागले आहे, आणि म्हणूनच येथे त्यांची श्रद्धा दिसते.

आता निवेदनातील सर्वांत संपन्न भागाकडे वळू. तो शिक्षकासंबंधीचा आहे. प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळपास सगळे ब्राह्मण आहेत, काहींनी अध्यापनाचे शिक्षण घेतले असले तरी पुष्कळांनी ते घेतलेले नाही, आणि त्यांचे शिकविणे पुस्तकी व शेतकऱ्याच्या व्यवहाराला निरुपयोगी आहे, अशी जोतीरावांची तक्रार आहे. यावर त्यांचा उपाय असा की शक्य तो शेतकरी वर्गातील माणसे शिक्षक म्हणून तयार करावीत. अशी माणसे जी मुलांच्या लोकांत मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा व इच्छा जाणतील, आणि प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची ज्यांना लाज वाटणार नाही. त्यांच्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांबरोबर शेतीचे व आरोग्यरक्षणाचे प्राथमिक ज्ञान असावे.

रुमणा आणि वाकस. एका इंग्रजी सरकारी निवेदनात ही दोन हत्यारे आली आहेत, ही गोष्टच लक्ष वेधून घेते. ही अलंकारिक भाषा आहे असे समजून पुढे जाणाऱ्या वाचकाच्या हातून या निवेदनाचा गाभा सुटेल. मास्तराने शेत नांगरावे, असा याचा अर्थ नाही. अभ्यासक्रमात शेतीचे धडे असावेत व शक्य तेथे शाळेला जोडून लहानसे नमुना शेत असावे, ही मागणी निवेदनात आहेच. पण हत्यारांचे वाक्य तिच्यापेक्षा वेगळे काही सांगते. त्यातील भार लाजेवर आहे. ज्या घरातून मुलगा शाळेत येतो, त्या घराच्या कामाची ज्याला लाज वाटते, त्याच्याकडून तो मुलगा अक्षरांबरोबर ती लाजही शिकतो. किंवा शिकायचेच नाकारतो. अध्यापनपद्धतीवर एक शब्दही न लिहिता जोतीरावांनी येथे अध्ययनाविषयी एक सिद्धान्त मांडला आहे. मूल प्रथम शिक्षकाची नजर वाचते आणि पाटी त्यानंतर, असे त्याचे रूप सांगता येईल.

या ठिकाणी विनोबांची आठवण होणे स्वाभाविक आहे. शिकविणे हा जगण्यापासून तोडलेला स्वतंत्र धंदा होऊ शकत नाही, ज्याला दुसरे काही करता येत नाही त्याने नुसते शिकवू नये, हा त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. आणि ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमच्या योजनेतही हस्तोद्योग हाच शिक्षणाचा मध्य मानला गेला. वरवर पाहता जोतीराव त्याच वाटेने अर्धे शतक आधी चाललेले दिसतात. परंतु हे साम्य फार ताणू नये. वर्ध्याच्या विचारात हाताचे काम हे मुलाच्या बुद्धीच्या व चारित्र्याच्या विकासाचे साधन आहे. त्याला साधनेचा एक स्वर आहे. जोतीरावांच्या शेतकऱ्याच्या मुलाला श्रमाचे महत्त्व शिकविण्याची गरज नाही, तो सकाळी गुरे सोडूनच शाळेत आलेला आहे. त्यांच्या वाक्यातील हत्यार मुलासाठी नसून मास्तरासाठी आहे. ते मास्तर आणि गाव यांतील अंतर मोजण्याची काठी आहे.

आणि केवळ मनोवृत्ती पालटून हे अंतर मिटेल, असा भाबडा समज जोतीरावांचा नाही. म्हणून त्याच परिच्छेदाच्या आसपास पगार येतो. शिक्षकाला दरमहा बारा रुपयांहून कमी मिळू नये. मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये असावेत. शिवाय गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तऐवजांची नोंदणी, टपाल, स्टॅम्पविक्री अशी कामे त्याच्याकडे देऊन गावगाड्यात त्याला मानाचे स्थान द्यावे. (शाळेबाहेरची कामे शिक्षकावर लादली जाऊ नयेत यासाठी झगडणाऱ्या आजच्या शिक्षकाला ही सूचना वाचून धक्का बसेल. मात्र जोतीराव या कामांकडे ओझे म्हणून पाहत नाहीत. ज्या गावात कुलकर्ण्याच्या दप्तरातून सत्ता चालते, तेथे दप्तराचा काही भाग मास्तराच्या हाती यावा, असा त्यांचा डाव आहे.) शिक्षकाने निःस्वार्थ असावे, त्यागी असावे, असे एकही वाक्य या निवेदनात नाही. आपल्या शिक्षणविषयक वाङ्मयात ही अनुपस्थिती दुर्मिळ आहे.

अभ्यासक्रमाचा भाग थोडक्यात पाहता येईल. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांवर काही सोपे धडे. खेड्यांतील शाळांत विषय कमी असले तरी चालतील, पण ते कमी व्यवहारोपयोगी असू नयेत. मोडीचा उल्लेख पहिल्याच दमात यावा हे सूचक आहे. सावकाराचा कागद मोडीत असे. बाकीची यादी त्या काळच्या समंजस माणसाने केली असती तशीच आहे.

तपासणीविषयीची सूचना मात्र पुन्हा अनुभवी माणसाची. डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एक भेट निरुपयोगी आहे. निदान तीन महिन्यांतून एकदा शाळा तपासली जावी. आणि इतर वेळीही, वर्दी न देता. तपासणीच्या दिवशी शाळा कशी सजते, कोणती मुले पुढे बसविली जातात व कोणत्या मुलांना घरी थांबण्यास सांगितले जाते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ‘वर्दी न देता’ हे शब्द सुचतील.

येथवर जोतीरावांची बाजू मांडली. आता तिच्यातील एक तडा दाखविणे भाग आहे. जे मास्तर अधिक मुले उत्तीर्ण करतील त्यांना पगाराखेरीज खास भत्ता द्यावा, अशीही शिफारस निवेदनात आहे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा स्वतः शाळा-तपासनीस असलेल्या मॅथ्यू आर्नल्डने तिच्यावर कठोर टीका केली होती. जेथे निकालावर पैसा मिळतो तेथे मास्तर परीक्षेपुरते शिकवितो, आणि जे मूल उत्तीर्ण होण्याची आशा नाही त्याच्याकडे पाठ फिरवितो. जोतीरावांच्या सूचनेत मूळ पगार सुरक्षित आहे, भत्ता वरचा आहे, हा फरक मान्य केला तरी परिणामाची दिशा तीच राहते. मुलांच्या लोकांत मिसळणारा, त्यांच्या गरजा जाणणारा मास्तर एकीकडे, आणि उत्तीर्णांची संख्या मोजणारा मास्तर दुसरीकडे : एकाच माणसाकडून या दोन अपेक्षा करणे कठीण आहे, आणि वर्दी न देता येणाऱ्या तपासनीसालाही ही विसंगती पकडता येणार नाही. अधिकाऱ्यांना रुचेल अशा चलनात बोलण्याच्या गरजेपोटी ही शिफारस आली असावी, असा बचाव करता येईल. मला तो पटत नाही. मास्तरांच्या आळसाविषयी जोतीरावांचा अनुभव इतका कडवट होता की त्यावर मिळेल ते औषध त्यांनी सुचविले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

याहून मोठी उणीव म्हणजे या निवेदनात मूल नाही. मुलांची संख्या आहे, जात आहे, वय आहे. परंतु अडखळणारे, विचारणारे, कंटाळणारे असे एकही मूल नाही. गिजुभाई बधेका यांच्या १९३२ च्या सुमाराच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकाशी तुलना केली म्हणजे ही उणीव ठळक होते. तेथील कल्पित शिक्षक पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि मुले त्याची पुरती फजिती करतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग त्याच्याकडे वळतो. भावनगरच्या या परंपरेतून ताराबाई मोडकांच्या द्वारे मराठी बालशिक्षणाला मिळालेला वारसा मोलाचा आहे, आणि ताराबाईंनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे तो आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेला. ‘दिवास्वप्ना’त मुले आहेत, पण बारा रुपये की पंधरा, हा प्रश्न तेथे कथेला चालना देत नाही. जोतीरावांच्या निवेदनात बारा रुपये आहेत, पण गोष्ट ऐकताना मधली सुट्टी विसरणारा मुलगा नाही. दोन्ही पुस्तके एकाच टेबलावर ठेवून वाचली जावीत, असे वाटते.

निवेदनात नसलेले मूल जोतीरावांच्या अनुभवात नव्हते काय? याचे उत्तर त्यांच्याच आधीच्या लेखनात शोधावे लागते. १८५५ मध्ये त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. ते नाकारले गेले आणि त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. भोळ्या कुणबी नवराबायकोला ज्योतिषाच्या नावाने नाडणारा जोशी, मध्ये मध्ये बोचक शेरे मारणारा विदूषक, आणि शेवटी आपण शिकायला गेले पाहिजे असे ठरविणारे ते जोडपे, असा त्याचा घाट आहे. विद्यार्थी येथेही बालक नाही. संसारी, फसलेला, उशिरा जागा झालेला प्रौढ माणूस आहे. शिकण्याची इच्छा त्याच्या ठिकाणी कुतूहलातून येत नाही, फसवणूक कळल्यावर येते. बालशिक्षणाच्या शास्त्राला ही प्रेरणा परकी आहे, पण रात्रीच्या शाळेत शिकविलेल्या कोणाही शिक्षकाला ती परिचित असेल. जोतीरावांच्या अध्ययनविषयक समजुतीचे मूळ येथे आहे, आणि निवेदनात मुलाचे बालपण का दिसत नाही, त्याचेही कारण बहुधा येथेच आहे. त्यांना प्रत्येक मुलामागे त्याचा नाडलेला बाप दिसतो.

परंतु त्याच वर्षीचा आणखी एक कागद उपलब्ध आहे. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मुक्ता या मांग जातीच्या विद्यार्थिनीचा, महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती फुले दांपत्याच्या शाळेतील मुलगी. तिने त्या निबंधात आपल्या लोकांना धर्म कोणता, असा सरळ प्रश्न विचारला आहे, आणि आपल्या स्त्रियांना उघड्यावर बाळंत व्हावे लागते, त्या हालांचेही वर्णन केले आहे. घोकून लिहिलेल्या निबंधात असे प्रश्न येत नाहीत. कोणीतरी तिला विचारू दिले होते, आणि तिने लिहिलेले खोडले नव्हते. सत्तावीस वर्षांनी आयोगापुढे साक्ष देताना जोतीरावांनी शालजोडीचा उल्लेख केला. या निबंधाचा केला नाही.